सहा महिन्यांची श्रीमंती

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगाव बांधच्या कुठल्याही धान उत्पादकाचे पासबुक उघडून बघा. वर्षातून एकदा, उन्हाळी धान घेतले तर दोनदा, त्यात मोठी रक्कम दिसते. आधारभूत खरेदी केंद्रावर माल मोजून दिला की चुकारे येतात; कधी डिसेंबरात, कधी फेब्रुवारी उलटल्यावर. आलेले पैसे थांबत नाहीत. कृषी केंद्राची उधारी, ट्रॅक्टरवाला, मळणीवाला, किराणा, नात्यातले एखादे लग्न. उरलेसुरले ३१ मार्चच्या आत सोसायटीत भरायचे, कारण त्या तारखेपर्यंत पीक कर्ज फेडले तर व्याजाची सवलत मिळते आणि नाही फेडले तर पुढच्या हंगामाला सावकाराचे दार. जुलैत रोवणी, मजुरी रोख. दहा एकर बांध्यांच्या मालकाचीही शिल्लक वर्षातले सात-आठ महिने चार आकड्यांत रेंगाळते. त्याला कोणी गरीब म्हणत नाही. गावाला त्याची ऐपत ठाऊक असते.

आता याच घरातल्या मुलीचे लग्न इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाशी झाले आहे असे समजू. ब्रिटनच्या नागरिकाला किंवा तिथल्या कायम रहिवाशाला परदेशातून जोडीदार आणायचा असेल तर ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते. २०१२ पासून तोवर हा आकडा १८,६०० होता. (कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला हा नियम लागत नाही, तिचा हिशेब वेगळा आणि बराच हलका आहे.) उत्पन्न धरायचे ते तिथे कमावणाऱ्याचे. बायको नागपुरात चांगल्या पगारावर असली तरी भारतातून अर्ज करताना तो पगार मोजत नाहीत. तिची बचत मात्र मोजतात. त्याचे सूत्र असे: उत्पन्नात जितकी तूट असेल तिच्या अडीच पट, अधिक १६,००० पौंड. मुलगा २५,००० कमावत असेल तर तूट ४,००० ची, तिची अडीच पट १०,०००, एकूण २६,००० पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला तर तीस लाखांना किंचित कमी. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटीच्या वर.

ही रक्कम अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर सहा महिने असली पाहिजे आणि त्या काळात एक दिवसही खाली जाता कामा नये. वडिलांच्या खात्यातली चालत नाही. भेट म्हणून मिळालेली चालते, उसनी चालत नाही, आणि आली कुठून ते सांगावे लागते. बँकही त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखालची हवी. म्हणजे गावच्या पतसंस्थेतली ठेव कितीही भक्कम असो, कागदावर ती नसल्यासारखीच.

तीस लाख म्हणजे २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने साडेबाराशे क्विंटलहून अधिक धान. एकरी पंधरा क्विंटल धरले तर चौऱ्यांशी एकरांचे पीक, तेही खर्च वजा न करता. इतकी जमीन असलेली घरे या तालुक्यात बोटांवर मोजावीत. तेव्हा पैसा पिकातून येणार नाही. तो जमीन विकून येईल, सोने मोडून येईल, वडील शिक्षक असतील तर भविष्य निर्वाह निधीतून येईल, किंवा मामाने उसने देऊन कागदावर 'भेट' लिहून येईल. आणि कुठूनही आला तरी सहा महिने हलायचा नाही. जानेवारीत ठेवला तर मध्ये ३१ मार्च येतो आणि जूनची नांगरणी येते. जुलैत ठेवला तर रोवणी, खत, पोळा, दिवाळी. शेतीच्या पंचांगात सहा महिन्यांची बिनछिद्र पट्टी कुठेच सापडत नाही.

असा नियम करणारा माणूस नवेगावचे वाईट चिंतत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर पगारदार असतो, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात पगार पडणारा. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने बहुतेक शेतकरी विवरणपत्रच भरत नाहीत. ज्या सवलतीचे आपण कौतुक करतो, ती व्हिसाच्या टेबलावर पुराव्याचा अभाव होऊन बसते. गावात आज दर महिन्याला ठराविक रक्कम पडते असे एकच खाते सर्रास सापडते आणि ते बाईचे असते. २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे १,५००. आता ते पासबुक जवळून पाहा. १,५००. काढले १,५००. पुन्हा १,५००. मग एका मंगळवारी एकदम २९,९०,०००, वडिलांच्या खात्यातून. ज्या घराने एका अर्जात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचे लिहून दिले, तेच घर दुसऱ्या अर्जात तीस लाखांची शिल्लक दाखवते. दोन्ही खरे असू शकते. पण ही दोन सत्ये एकाच पासबुकात छापून आली की परदेशातला अधिकारी भुवई उंचावणारच, आणि त्याला दोष देता येत नाही.

या नियमाबद्दल तक्रार करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे बरेचसे खरे आहे. मला बोलायचे आहे ते या सहा महिन्यांत आपल्या घरात काय होते त्याबद्दल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने जे नीट केले नाही, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद ठरवून जे कागदावर आणले पण घरात आणता आले नाही, ते काम एका परक्या देशाचा व्हिसा करून घेतो: बाप मुलीच्या नावावर मोठी रक्कम लावतो. आणि लगेच ते निष्फळही होते, कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते की हे दाखवण्यापुरते आहे. व्हिसा लागला की पैसे परत. माझे म्हणणे एवढेच की परत करू नये. व्हिसासाठी मुलीच्या खात्यात गेलेली रक्कम हा तिचा वाटा समजावा, तसे लिहून ठेवावे, आणि जितका वाटा असेल तितकीच रक्कम जावी.

नवेगावात हे बोलणे विशेष शोभते. इथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. पुढे त्यांचा कोलासूर देव झाला आणि डोंगरावर त्याचे ठाणे झाले. तलावाभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कथा अशी की या बहिणींनी स्वतःच्या हातांनी बांधाचे काम केले. भंडारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरातही ही हकिकत आहे. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. तिच्यातली वाटणी बघू. माती वाहिली बहिणींनी. तलाव, गाव आणि नाव गेले कोलू पाटलाकडे. बहिणींना डोंगर मिळाले, म्हणजे पूजा मिळाली. आपल्याकडची हक्कसोड पत्रे साधारण याच तत्त्वावर लिहिली जातात.

हे हक्क सोडणेही झटपट होते. वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. फेरफार पडतो. सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी अशी सगळी नावे चढतात, पुष्कळदा बहिणींची 'इतर हक्क' या रकान्यात कोपऱ्यात. मग एका सकाळी सगळी मंडळी जीप करून अर्जुनी मोरगावला जातात, दुय्यम निबंधकापुढे बहिणी सह्या करतात, घरी येऊन साडीचोळी होते. कोणी जबरदस्ती करत नाही. हिस्सा मागितला तर माहेर तुटते, एवढे एक वाक्य पुरते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९ च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' काढली, नवऱ्याने आपल्या हयातीत बायकोचे नाव जमिनीला लावावे म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, आणि १९९२ मध्ये शासनानेही त्यासाठी परिपत्रक काढले. बायकोपर्यंत का होईना, शेतकऱ्याने स्वेच्छेने जमिनीचा तुकडा बाईच्या नावे करावा असे म्हणणारी ती चळवळ होती. लेकीपर्यंत ती गाडी आलीच नाही.

इथे व्हिसाच्या नियमातले एक कलम लक्षात घेण्याजोगे आहे. विकलेल्या घराचे किंवा जमिनीचे पैसे असतील तर सहा महिने थांबायची गरज नाही, अट एवढीच की ती मालमत्ता आधीपासून अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या मालकीची असावी. म्हणजे चार वर्षांपूर्वी आजोबा वारले तेव्हा वडिलार्जिताची वाटणी होऊन मुलीचे नाव सातबाऱ्यावर रीतसर लागले असते, तर आज आपल्या वाट्याचे शेत विकून तिने विक्रीखत, सातबारा आणि बँकेची नोंद जोडली असती आणि अर्ज पुढे गेला असता. नाव नसेल तर तेच शेत वडील विकतात, तेच पैसे भेट म्हणून देतात, आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते. तालुक्याच्या कचेरीत कोणी मुलीचा हक्क म्हणून फेरफार नोंदवला नाही, त्याची किंमत परदेशातल्या कचेरीत सहा महिन्यांच्या विरहाने मोजावी लागते. कायद्याने पटले नाही ते निदान या हिशेबाने पटावे.

यावर पहिला आक्षेप भावाचा असतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, लग्नात आठ लाख गेले, ते कोणाच्या वाट्यातले? बापाचे औषधपाणी कोण करतो? बहीण तिकडे पौंडात कमावणार, मी इथे धानात. लग्नाच्या खर्चाबद्दल त्याला उत्तर आहे: तो खर्च मुलीच्या हातात पडत नाही, मांडवात आणि पंगतीत जातो, आणि मुलाच्या लग्नातला खर्च कोणी त्याच्या हिश्श्यातून कापत नाही. पण औषधपाण्याचे काय? जो घरी राहतो त्याच्यावर म्हाताऱ्यांचे सगळे पडते हे खरे आहे. त्याचा मोबदला हवा असेल तर तो उघड मागावा, वडिलांनी मृत्युपत्रात त्याला जास्त द्यावे. स्वतःच्या कमाईची मालमत्ता कोणाला किती द्यायची हे वडिलांच्या हातात आहे, आणि वडिलार्जितातला आपला हिस्साही ते मृत्युपत्राने देऊ शकतात. बहिणीच्या सहीने ते साधायची गरज नाही.

दुसरा धोका भावाकडून येत नाही, सासरकडून येतो, आणि तो मोठा आहे. 'व्हिसासाठी दाखवायचे आहेत' हे हुंडा मागण्याचे फारच सभ्य निमित्त आहे. मागणी होत नाही, नियम दाखवला जातो. संयुक्त खाते उघडायचे, त्यात मुलीकडच्यांनी भरायचे, आणि ओटीपी जाणार नवऱ्याच्या मोबाईलवर. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यापुढे जाऊन तीच रक्कम उद्या 'इमिग्रेशनची कागदपत्रे' म्हणून उभी राहील. ब्रिटनच्या नियमाला रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात असलेली चालते. मग संयुक्त खात्याचा आग्रह का, असे विचारायला लाजू नये. खाते कोणाचे यापेक्षा त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक कोणाचा, एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात, नामनिर्देशन कोणाचे, हे आधी पाहावे. बापाच्या मोबाईलला जोडलेले मुलीचे खाते हे बापाचेच खाते असते, आणि नवऱ्याच्या मोबाईलला जोडलेले नवऱ्याचे.

नामनिर्देशनाबद्दल आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. 'मी नॉमिनी आहे, म्हणजे पैसे माझे' असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढेच नॉमिनी ठरवतो, मालक वारसच. 'कालनिर्णय'च्या साळगावकर कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ही सोय चांगली आहे, पण चार नॉमिनी म्हणजे चार मालक नव्हेत. वडील अचानक गेले आणि त्यांच्या खात्यावर नॉमिनीच नसेल तर मोठ्या रकमेसाठी बँक न्यायालयाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते, आणि त्याला महिने जातात. ज्या मुलीचा व्हिसा त्या पैशांवर अडला आहे तिला ते महिने मोजावे लागतात.

आणि वाटा म्हणून दिलेली रक्कम 'भेट' म्हणून दिली तर एक कायदेशीर खोच उरते. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता, मूलबाळ नसताना गेली, तर आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण हे वारसाने आलेल्यालाच लागू आहे. बापाने जिवंतपणी दिलेली भेट त्यात येत नाही. ती कलम १५ प्रमाणे नवऱ्याकडे, तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिलेले एक प्रकरण वाचून कोणालाही अस्वस्थ वाटेल: नवरा वारल्यावर सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी करून साठवले, आणि ती मृत्युपत्र न करता गेली तेव्हा ती साठवण सासरच्या वारसांना मिळाली. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्यात जागा नव्हती. यावर उपाय साधा आहे. विमानात बसण्याआधी मुलीने मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी चालते. नोंदणी सक्तीची नाही. पंचविशीतल्या मुलीला मृत्युपत्र करायला सांगणे आपल्याकडे अभद्र वाटते, म्हणून कोणी सांगत नाही.

जाण्याआधीच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते. घरात कोणीतरी म्हणते, आता ही काही लवकर परत यायची नाही, हक्कसोडची सही आत्ताच करून घेऊ. यामागे लबाडीच असते असे नाही. परदेशातून कुलमुखत्यारपत्र पाठवायचे तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करायचे, इकडे आल्यावर त्यावर मुद्रांक भरायचा, ही खरोखर कटकट आहे. पण त्या कटकटीला उत्तर हक्क सोडणे हे नव्हे. नेमक्या कामापुरते, मुदतीचे मुखत्यारपत्र इथेच करून जावे: पीकविमा, धान विक्री, फेरफाराची नोटीस घेणे, एवढ्यापुरते. विक्रीचा अधिकार त्यात नसावा. अनिवासी झाल्याने वारसाहक्क जात नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळालेली ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. गावात मात्र 'परदेशी गेली, आता तिला जमीन ठेवता येणार नाही' असे ठामपणे सांगणारे प्रत्येक पानटपरीवर भेटतात.

खात्याचे मात्र खरेच बदलते आणि ते कोणी सांगत नाही. ती तिथे राहायला गेली की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होते आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. वडिलांबरोबर 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचे संयुक्त खाते असेल तर तेही तसेच चालू ठेवता येत नाही. भारतात राहणाऱ्याबरोबरचे एनआरओ खाते 'पहिला किंवा हयात' याच पद्धतीने चालते. म्हणजे पहिले नाव मुलीचे असेल तर तिच्या हयातीत वडिलांना आपल्या सहीने काढता येत नाही. व्याजावर कर ३० टक्क्यांच्या दराने आधीच कापला जातो. बरीच घरे हे टाळण्यासाठी बँकेला कळवतच नाहीत. मला यात गंमत दिसते ती अशी: 'व्हिसा झाला की पैसे परत घेऊ' हा जो घरगुती बेत असतो, तो रीतसर कागद केल्यास आपोआप अवघड होतो. नियम पाळणे इथे मुलीच्या बाजूचे आहे.

देशोदेशीचे नियम पाहिले की आणखी एक कळते, लग्नाला किती पैसा पुरतो याचे एक उत्तर कोणाकडेही नाही. कॅनडात जोडीदाराला बोलावताना साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही. तीन वर्षे सांभाळ करण्याची हमी द्यावी लागते. अमेरिकेत दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न लागते, नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट मालमत्ता चालते, त्यात वर्षभरात रोख करता येणारी परदेशातली जमीनही धरता येते. पण हमीपत्र असे कडक की घटस्फोट झाला तरी जबाबदारी सुटत नाही. ऑस्ट्रेलिया वेगळेच विचारते. नात्याचे 'आर्थिक पैलू' दाखवा म्हणते: संयुक्त मालमत्ता, संयुक्त कर्ज, घरखर्च वाटून घेता का. आपल्याकडे बापलेकांचे संयुक्त खाते असते, भावाभावांचे असते, नवराबायकोचे क्वचितच. वीस वर्षे सुखाने नांदलेले जोडपेही त्या कसोटीवर नापास होईल. ब्रिटनमध्ये तर हा किमान उत्पन्नाचा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये न्यायालयाने तो तत्त्वतः वैध ठरवला, पण त्याने अनेक कुटुंबांचे हाल होतात हे मान्य केले आणि मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झाला नसल्याचे बजावले. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत तिसऱ्याकडून मिळणारी खात्रीची मदत विचारात घेण्याची वाट उघडली. अपवादात्मक, हे विसरू नये. दलाल लोक ती वाट राजमार्ग म्हणून विकतात.

याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या माणसांना सातबारा नाही. जमीन भाडेपट्ट्याची, नागरिकत्व बहुतेकांना नाही, पासपोर्टाच्या जागी पिवळे ओळखपुस्तक. त्यांच्यातले कोणी परदेशातल्या जोडीदाराकडे जायला निघाले तर विकायला वडिलार्जित बांधी नसते आणि हक्कसोडही नसते. त्यांच्यापाशी जे आहे ते हातात असते, स्वेटरच्या धंद्याची हंगामी कमाई धरून. जमिनीचा पुरावा नसल्याने त्यांची बाजू लंगडी पडते हे खरे. पण जमीन असून मुलीच्या नावावर ती न लावणारे आपण, अर्जाच्या त्या रकान्यात त्यांच्याइतकेच रिकामे असतो, आणि तेही आपल्याच करणीने.

आता माझ्याच म्हणण्यातली अडचण. मुलीचा वाटा द्यावा म्हणताना तो आईच्या ताटातून काढला जाऊ शकतो. शेत पन्नास लाखांचे आहे असे समजू. वडील, आई, मुलगा, मुलगी, चौघांत समान धरले तर मुलीचा वाटा साडेबारा लाख. अर्जाला हवेत तीस. उरलेले साडेसतरा लाख बाकीच्यांच्या बांध्या विकूनच येतील. बहुतेक घरांत त्यातला आईचा हिस्सा आधी जातो, कारण ती नाही म्हणत नाही. वडील गेल्यावर तिच्याकडे राहते घर आणि मुलाची मर्जी. लेकीचा संसार लागला याचे समाधान तिला असते, पण गुडघ्याचे ऑपरेशन समाधानावर होत नाही. म्हणून रक्कम वाट्याइतकीच, हा भाग मी 'परत करू नये' इतकाच महत्त्वाचा मानतो. साडेबारा लाख मुलीच्या नावाने, तिच्याच मोबाईलला जोडलेल्या खात्यात, 'वडिलार्जितातील वाटा' असे लिहिलेल्या नोंदणीकृत वाटणीपत्रानिशी. मग ती रक्कमही 'भेट' राहत नाही आणि भावालाही उद्या पुन्हा मागणी येण्याची भीती नाही.

बाकीचे साडेसतरा लाख कुठून आणायचे हा प्रश्न लंडनच्या पगाराचा आहे, नवेगावच्या बांध्यांचा नाही. जावयाचा पगार २५,००० वरून २९,००० वर गेला की बचत दाखवण्याची गरजच उरत नाही. त्याला वर्ष लागेल, कदाचित दोन. ग्रामपंचायतीत नोंदलेले लग्न तोवर कुठे जात नाही. घाई मुलीच्या सासरकडून असेल तर त्यांनी आपल्याकडचे काही मोडावे. दक्षिण मुंबईत फ्लॅट असलेले, पुण्यात दोन गाळे असलेले घरही मुलीकडच्यांनाच 'तुमचे शेत आहे ना' असे विचारते, आणि शेतवाला बाप ओशाळून हो म्हणतो.